ओळखीची खूण : निरंक

मी बी.कॉम. आहे. हे आधीच सांगायचं कारण एवढंच, की पुढं हाडांविषयी जे काही येणार आहे ते कुणा जाणत्या माणसानं लिहिलंय असा गैरसमज होऊ नये. आमच्या अभ्यासक्रमात नफा होता, तोटा होता, घसारा होता, हाडं नव्हती. हाड नावाची वस्तू आपल्याही अंगात असते हे ज्ञान मला बँकेत वीस वर्षं खुर्चीवर बसल्यावर, कंबर दुखायला लागली तेव्हा झालं.

आमचं गाव धर्माबाद. मनमाड-सिकंदराबाद मार्गावरचं महाराष्ट्राचं शेवटचं स्टेशन. पुढचं बासर. तिथं तेलंगण सुरू होतं आणि सरस्वतीचं प्रसिद्ध देऊळही तिथंच आहे. सरस्वती आमच्या एक स्टेशन पलीकडं थांबली, यावरून बाहेरगावचे पाहुणे जे बोलतात ते आम्ही मनावर घेत नाही. सरस्वती नसली तरी आमच्याकडं मिरची आहे. लाल मिरचीचा हंगाम सुरू झाला की सगळं गाव शिंकतं. डाव्या हातानं नाक धरून उजव्या हातानं नोटा मोजायची कला धर्माबादच्या कॅशियरशिवाय दुसऱ्या कुणाला साधलेली मी पाहिली नाही.

बँकेत माझ्याकडं शेळ्यांचं टेबल आहे. म्हणजे शेळ्या कागदावरच्या. कर्ज, कर्जावर शेळी, शेळीवर विमा, विम्याचा कानात बिल्ला. शेळी मेली तर डॉक्टरांचा दाखला आणि कानातला बिल्ला जोडून दावा पाठवायचा. शेळी हरवली तर काही नाही. विमा मरणाचा आहे, हरवण्याचा नाही. थोडक्यात, आमच्या कागदांच्या दृष्टीनं सगळ्यात गुणी शेळी ती, जी दवाखान्याच्या दारात मरते आणि मरताना कान पुढं करते.

होळीनंतर बाभळीकडच्या एका वस्तीवरची मावशी टेबलाशी आली. तिची शेळी तीन दिवस घरी आलेली नव्हती.

"साहेब, ती मेली."

"मेली की हरवली?"

"हरवली असती तर वरडत घरी आली असती की. दोन करडं हायत घरात पिती."

तर्क बिनतोड होता, पण फॉर्ममध्ये तर्काला रकाना नाही. मी कागदावर लिहिलं : 'बिल्ला जोडलेला नाही. मृत्यूचा पुरावा नाही. सबब परत.' सबब हा शब्द लिहिला की आपण काही अन्याय केला असं वाटतच नाही. फार गुणकारी शब्द आहे.

पुढची हकिगत शिपाईमामांनी सांगितली. शेळ्या राखायला मावशीच्या दिराचा पोरगा होता. वय सतरा. त्याच महिन्यात त्यानं कुठूनसा जुना मोबाईल घेतला, आणि वस्तीनं शेळी आणि मोबाईल यांची बेरीज केली. कुणी म्हणालं बाजारात विकली, कुणी म्हणालं ओढ्यात कापून खाल्ली. पोरगा दोन दिवस मान खाली घालून बसला आणि तिसऱ्या दिवशी निजामाबादला कामाला निघून गेला. मावशीची शेळी गेली, पाठोपाठ पोरगाही गेला. ही दुसरी तूट माझ्या टेबलावर आलीच नाही, कारण पोराच्या कानात बिल्ला नव्हता.

मे महिन्यात डॉक्टरांनी मला साखर असल्याचं जाहीर केलं आणि रोज पाच किलोमीटर चालायला सांगितलं. बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे 1 जुलैला उघडतात, तोवर गोदावरीत पाणी अडलेलं असतं. 2013 साली सर्वोच्च न्यायालयानं ते वेळापत्रक घालून दिलंय. पण नदीला मिळणारे ओढे मात्र मेमध्ये कोरडे ठणठणीत. अशाच एका ओढ्याच्या कडेनं मी रविवारी सकाळी साडेसहाला चाललो होतो. वेळ नीट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. बाभळीच्या झाडाखाली मला हाडं दिसली. पांढरी, स्वच्छ, मुंग्यांनी घासूनपुसून ठेवल्यासारखी. एक खालचा जबडा, एक कवटी, काही नळ्या.

पहिला विचार शेळीचाच आला. पण शेळी म्हटली की मावशी, मावशी म्हटली की तो पोरगा, आणि पोरगा म्हटला की 'सबब परत'. तेव्हा मी मनाशी ठरवलं की ही शेळी नाही. हरिण असेल. रोही असेल. रानडुक्कर असेल. मराठवाड्यात एवढी जनावरं असताना शेळीनंच का मरावं? आणि खात्री करून घ्यावी म्हणून जबडा नि कवटी भाजीच्या पिशवीत घालून घरी आणली.

सौभाग्यवतीनं पिशवीत हात घातला. तिला भाजी अपेक्षित होती. पुढचा प्रसंग मी गाळतो. पिशवी गच्चीवरच्या टाकीमागं गेली आणि मी नळाखाली.

"माणसं फिरायला जातात, फुलं आणतात," ही म्हणाली.

"अगं, ही कुठल्या प्राण्याची..."

"तुमची शुगर वाढली की डोक्यात जाते का हो?"

संध्याकाळी शेजारचे निवृत्त गुरुजी आले. आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळं त्यांना हजार वर्षांच्या अलीकडचं काही दिसत नाही. त्यांनी कवटी दोन्ही हातांत घेतली आणि आवाज खाली आणला.

"हे साधं नाही. गोदावरीच्या गाळात हत्ती आहेत! नांदूर मधमेश्वरजवळ सापडलेल्या हत्तीवर पिलग्रिम साहेबानं 1905 सालीच लिहून ठेवलंय. आणि आपल्या लातूर जिल्ह्यात, मांजरेच्या काठी हारवाडीला? हत्ती निघाला, पाणघोडा निघाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजची माणसं येऊन गेली."

"गुरुजी, ही कवटी वीतभर आहे."

"पिल्लू असेल."

गुरुजींनी आणखी माहिती दिली. जुनं, दगड होत आलेलं हाड जिभेला लावलं तर चिकटतं, साधा दगड चिकटत नाही. भूगर्भशास्त्राची माणसं शेतात अशीच परीक्षा करतात. त्यांनी कवटी माझ्यापुढं धरली. ज्ञान त्यांचं होतं, त्यामुळं जीभ माझी असावी असा त्यांचा विचार होता. तेवढ्यात ही चहा घेऊन आली आणि विज्ञान तिथंच थांबलं.

रात्री साखरेचा कागद दाखवायला दवाखान्यात गेलो तेव्हा जबडा बरोबर नेला. डॉक्टर हाडांचेही बघतात. त्यांनी जबडा उजेडासमोर धरला, जणू तो स्वतःच स्वतःचा एक्स-रे आहे.

"माणसाचा नाही," ते म्हणाले. हे त्यांनी फुकट सांगितलं.

"दातांवरून ओळखता येतं ना? मी मोजले, हिशोब केला. पूर्ण तोंडात बत्तीस होतात."

"मग? माणसाला बत्तीस, शेळीला बत्तीस, हरणालाही बत्तीस. कुत्र्याला बेचाळीस, डुकराला चव्वेचाळीस."

मी हादरलो. एकूण बेरीज जुळते आणि खाती वेगळी असतात, हा प्रकार ताळेबंदात मी पाहिला होता, तोंडात पाहिला नव्हता. शेळीला वर बारा आणि खाली वीस. वरच्या बाजूला पुढचे दातच नाहीत, नुसती कडक हिरडी. माणसाचे सोळा-सोळा. म्हणजे माझ्यात आणि शेळीत फरक एकूण रकमेत नाही, वाटणीत आहे.

त्या रात्री मुलाच्या मोबाईलवर मी हाडांचं वाचन केलं. त्यात एक गोष्ट इतकी ओळखीची निघाली की मी उठून बसलो. हाडं ओळखणारी शास्त्रज्ञ मंडळी काय करतात? त्यांच्याकडं पक्क्या माहीत असलेल्या जनावरांच्या हाडांचा संग्रह असतो. नवं हाड आलं की ते त्या नमुन्याशेजारी ठेवून कड न् कड ताडून बघतात. अहो, ही तर आमची नमुना सही! चेकवरची सही आणि कार्डावरची सही. पुणे जिल्ह्यात इनामगावला 1968 ते 1983 पर्यंत उत्खनन झालं. तिथल्या तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या जेवणातून उरलेली हाडं डेक्कन कॉलेजच्या लोकांनी अशीच जुळवली. त्यात गाईगुरं निघाली, शेळ्यामेंढ्या निघाल्या, रानातली हरणंही निघाली. शेळी आणि मेंढी यांची हाडं तर इतकी सारखी, की मोठमोठे पंडितसुद्धा पुष्कळदा 'शेळी/मेंढी' असं लिहून मोकळे होतात. मधली ती तिरकी रेघ पाहून मला फार बरं वाटलं. फॉर्ममध्ये 'श्री./श्रीमती' यांच्यामध्ये आम्ही तीच वापरतो. जे लागू नसेल ते खोडावे.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत मी हे सगळं उत्साहानं कॅशियरला सांगितलं. त्यानं पोळी खाली ठेवली.

"काळविटाचं असलं तर?"

"असलं तर?"

"वन्यजीव संरक्षण कायदा, 1972. रानटी जनावराचं हाड, शिंग, कातडं, सगळी सरकारची मालमत्ता. सापडल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत पोलीस ठाण्याला नाहीतर वनखात्याला कळवावं लागतं. काळवीट तर पहिल्या परिशिष्टात. वाघाच्या पंगतीला! राजस्थानात 1998 साली काळवीट मेलं, तर केवढे मोठे लोक वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढले. तू तर क्लार्क."

मी घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता. रविवारी साडेसहापासून एकतीस तास झाले होते. सतरा उरले होते. बँकेत मुदत संपल्यावर दंड लागतो. इथं काय लागतं ते विचारायची हिंमत झाली नाही. माझ्या गच्चीवर, टाकीमागं, भाजीच्या पिशवीत सरकारी मालमत्ता असण्याची शक्यता होती. आयुष्यात कुणाची टाचणी न उचललेला मी, एका दिवसात संशयित झालो होतो. दुपारभर कुणी काउंटरवर मोठ्यानं बोललं की माझी मान आपोआप खाली जात होती. सतराव्या वर्षी ही मान दोन दिवस खाली ठेवणं कसं असेल, हा विचार त्या दुपारी प्रथम माझ्या डोक्यात आला. तोवर मला त्या पोराचं वय तेवढं माहीत होतं.

वनरक्षकांचं खातं आमच्याच शाखेत. संध्याकाळी पिशवी आणि 'सापडलेल्या अस्थींबाबत' असा विषय घातलेला अर्ज घेऊन मी त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी अर्ज बाजूला ठेवला आणि कवटी हातात घेतली. तो माणूस अर्ध्या मिनिटात बोलला. अर्ध्या मिनिटात! आमच्याकडं एवढ्या वेळात शिक्का सापडत नाही.

"हे बघा. सांबर-चितळाचं शिंग म्हणजे भरीव हाड, नराला येतं नि दरवर्षी गळून पडतं. काळवीट, रोही, शेळी, मेंढी यांचं तसं नाही. आत हाडाचा खुंट आणि वर नखाच्या जातीचं टोपण. गळत नाही. काळविटाच्या नराला पिळाचं शिंग असतं, मादीला बहुधा नसतंच. हे त्यातलं नाही. आता डोळ्यापुढं बोट फिरवा. काळविटाला डोळ्यापुढं ग्रंथी असते, तिच्यासाठी हाडात चांगला खड्डा असतो. मेंढीलाही थोडा असतो. हे सपाट आहे. शेळी. आमचं नाही, घेऊन जा."

मी सुटकेचा श्वास सोडला. सोळा पायऱ्या उतरलो आणि सतराव्या पायरीवर तो श्वास परत आला. सरकारची नाही, म्हणजे मावशीची.

तसं पाहिलं तर शेळ्या काय एक आहेत? मंगळवारी सुट्टी टाकली आणि शिपाईमामांच्या मोटारसायकलवर ओढ्याला गेलो. जवळच एक म्हातारे धनगर आजोबा मेंढरं घेऊन बसले होते. धर्माबादकडच्या माणसाप्रमाणं त्यांचं अर्धं बोलणं मराठी, अर्धं तेलुगू.

"काय बघू लालाव साहेब? मेका येमुका हाय ते."

तेलुगूत मेका म्हणजे शेळी आणि येमुका म्हणजे हाड, असं शिपाईमामांनी समजावलं. गुरुजी, डॉक्टर, कॅशियर, वनखातं असा दोन दिवस वळसा घालून मी जिथं पोचलो, तिथं आजोबा बसल्या जागी यमक जुळवून पोचले होते.

त्यांनी जबडा घेतला. पुढचे दोन दात जागेवर होते, बाकीचे सैल होऊन गळाले होते. आजोबांनी बाभळीखालची माती बोटांनी चाळली आणि तांदळाएवढे दात एकेक करून तळहातावर मांडले. चार रुंद, बाकीचे बारीक, दुधाचे.

"चार दाती. दुसरी जोडी नवीनच. ही बघा, झिजलीच न्हाई."

आदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळली. शेळीचं वय असं जोडीजोडीनं वाढतं, आमच्या सहामाही व्याजासारखं. मी खिशातून मावशीच्या कर्जप्रकरणाची नक्कल काढली. गेल्या जूनमध्ये : 'उस्मानाबादी, रंग काळा, दोन दाती.' जून ते होळी, नऊ महिने. दोनाचे चार. जिल्ह्याचं नाव 2023 साली धाराशिव झालं, शेळीनं आपलं नाव बदललं नाही आणि दात वेळेवर दिले.

"आजोबा, कापली असेल का?" हे विचारताना मला माझाच आवाज ऐकू आला.

त्यांनी मांडीची नळी उचलली. दोन्ही टोकं कुरतडलेली होती, कडेला ओबडधोबड खड्डे, रुंद ओरखडे. "सुरी लागली तर बारीक सरळ रेघ पडते साहेब, सांध्यापाशी. हितं रेघ कुठं हाय? हे दात हायत. लांडगा म्हना, कुत्रं म्हना. हाड काय त्याचं नाव सांगत न्हाई." मग नळी खाली ठेवत म्हणाले, "पोराचं नाव मात्र गावानं सांगितलं."

बिल्ला शोधला. दोन तास माती चाळली, काटे काढले, दोन बिळांत काठी घातली. मिळाला नाही. कान हाडाचा नसतो. तो आधी खाल्ला जातो. ही साधी गोष्ट विम्याचा नियम करणाऱ्यांना आणि तो वीस वर्षं राबवणाऱ्या मला, दोघांनाही सुचलेली नव्हती.

मावशीच्या दारात मी पिशवी उघडली आणि दातांविषयी बोलायला लागलो. चार दाती, दुसरी जोडी, डोळ्यापुढं सपाट. मावशीनं दातांकडं बघितलंच नाही. तिनं कवटीच्या डाव्या शिंगावरून अंगठा फिरवला. टोक मोडलेलं होतं, मोडून बोथट झालेलं.

"आडाच्या भिंतीला धडकली होती लहान असताना," ती म्हणाली. "माझीच ती."

थोडा वेळ ती काही बोलली नाही. दोन्ही करडं तिच्या पाठीमागं एकमेकांना ढुशा देत होती. मग ती उठली आणि कवटी घेऊन चार घरं पलीकडं पारावर गेली. मागून आजोबा नळी घेऊन गेले. पारावर काय बोलणं झालं ते मला नीट कळलं नाही, बरंचसं तेलुगूत झालं. पण येताना मावशी म्हणाली, "पैशाचं होईल तवा होईल. आधी निजामाबादला फोन लावून द्या." मी लावून दिला. पोरानं तिकडून एवढंच विचारलं, "कोन म्हनलं मी घेतली न्हाई म्हून?" मावशीनं सांगितलं, "शेळीच म्हनली."

दोन दिवसांनी पोरगा आला.

दाव्याचा कागद मी नव्यानं तयार केला. दोन पानं लिहिली. दात, नळी, डोळ्यापुढची सपाटी, आणि मुख्य म्हणजे डाव्या शिंगाचं मोडकं टोक. एवढं मनापासून मी लग्नाआधीची पत्रंसुद्धा लिहिली नव्हती. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. बिल्ला नाही, आणि मोडक्या शिंगाविषयी म्हणावं तर कर्जाच्या वेळच्या फॉर्ममध्ये 'ओळखीची खूण' या रकान्यात 'निरंक' असं नमूद आहे, सबब दावा विचारात घेता येत नाही.

मी फॉर्म काढून पाहिला. निरंक होतं. अक्षर माझं होतं.

आठवलं. गेल्या जूनमधला कर्जमेळावा. चाळीस शेळ्या बाहेर उन्हात, आणि मी आत पंख्याखाली. चाळीस फॉर्म, चाळीस वेळा निरंक. चांगलं वळणदार अक्षर आहे माझं. मावशीची शेळी मोडकं शिंग घेऊन माझ्यापासून वीस पावलांवर उभी होती आणि मला उठायचं जिवावर आलं होतं. गुरुजींना त्या कवटीत हत्ती दिसला, कॅशियरला काळवीट दिसलं; मला काहीच दिसलं नव्हतं, आणि तेही शेळी जिवंत असताना.

मावशी अजून हप्ता भरते. मेलेल्या शेळीचा हप्ता, वेळच्या वेळी. मी पावती देतो आणि वर बघत नाही.

परवा दुपारी बँकेच्या दारात गलका झाला. बाहेर मावशी, तो पोरगा आणि दोरीला एक काळं करडू, आता चांगलं वाढलेलं. साहेब केबिनमधून धावत आले. करडानं तोपर्यंत पैसे काढायच्या दोन स्लिपा खाल्ल्या होत्या.

"मावशी, कर्ज पाहिजे का?" मी विचारलं.

"कर्ज नगं. विमा करायचाय म्हनला पोरगा." तिनं करडाचा कान माझ्यापुढं धरला. "डाव्या कानाला आत पांढरा ठिपका हाय. आधी बघून घ्या, मग लिवा."

मी खुर्चीवरून उठलो, पंखा सोडून उन्हात आलो, चष्मा लावला आणि वाकून कानाच्या आत बघितलं. ठिपका होता. तिसरी स्लिप माझ्या वरच्या खिशात होती. ती करडानं त्याच वेळी खाल्ली.